छापखाना, तारायंत्र आणि अब्रू : लोकनायक बापूजी अणे यांच्या चरित्राचा एक पैलू

लोकनायक माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांचे चरित्र आजवर प्रामुख्याने राजकीय अंगाने लिहिले गेले आहे. टिळकांचे वऱ्हाडातील निष्ठावंत अनुयायी, जंगल सत्याग्रहाचे प्रणेते, काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, बिहारचे राज्यपाल आणि वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते अशा त्यांच्या विविध भूमिका सर्वपरिचित आहेत. तथापि यवतमाळहून निघालेल्या ‘लोकमत’ या साप्ताहिकाचे संस्थापक, ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि संस्कृत चरित्रकाव्याचे कर्ते म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांच्याकडे पाहावे लागते, तेव्हा एक निराळाच प्रश्न समोर येतो. सत्याऐंशी वर्षांच्या त्यांच्या आयुष्यात विचार पोहोचविण्याची साधने पालटत गेली; खिळ्यांचा छापखाना, टपाल, तारायंत्र, चक्रमुद्रित पत्रक आणि नभोवाणी अशी ती परंपरा होती. प्रत्येक साधनाबरोबर अब्रुनुकसानीचा आणि मुद्रणनिर्बंधांचा कायदाही पालटत गेला. या परिवर्तनाच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर अणे कोठे ना कोठे उभे होते, आणि ते नेहमी एकाच बाजूला उभे नव्हते. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची मांडणी या सूत्राने केली आहे.

१. जन्म आणि परिसर

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. त्या काळी या जिल्ह्याला वणीचेच नाव होते. इंग्रजी दप्तरात तो ‘वून’ म्हणून नोंदला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. अणे यांचा जन्म आणि ‘केसरी’चा जन्म यांत अवघ्या चार महिन्यांचे अंतर आहे. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली, तेव्हा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा अद्याप जिवंत होता. इंग्रजी पत्रांना वगळून केवळ देशी भाषांतील पत्रांकडून जामीन घेण्याची तरतूद त्यात होती, आणि न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. १८८२ मध्ये रिपनने तो रद्द केला. ज्या वर्षी हा कायदा गेला त्याच वर्षी टिळक व आगरकर अब्रुनुकसानीच्या खटल्यात तुरुंगात गेले, हा योगायोग लक्षणीय आहे. सरकारचा हात वर उचलला गेला तरी खासगी व्यक्तीच्या अब्रूचे रक्षण करणारा कायदा उभा होताच.

वणी-यवतमाळचा मुलूख कापसाचा. कापसाच्या भावाची बातमी मुंबईहून तारेने येई आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा लोहमार्ग माल आणि टपाल यांची ने-आण करू लागला. या आगगाडीने जसा कापूस बाहेर गेला, तशी पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे आत आली. पूर्वी आठवडा-पंधरवड्याने कळणारी गोष्ट आता दोन-तीन दिवसांत गावच्या पारावर वाचली जाऊ लागली. वऱ्हाडातील राजकीय जागृतीचा विचार करताना पुढाऱ्यांच्या व्याख्यानांइतकेच महत्त्व या दळणवळणाला द्यावे लागते.

नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बापूजींनी काही काळ अमरावती येथे शिक्षकाचे काम केले, कायद्याची परीक्षा दिली आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळ येथे वकिली सुरू केली. त्यांच्या व्यवसायाचा आरंभ आणि हिंदुस्थानातील मुद्रणस्वातंत्र्यावरील सर्वांत कठोर आघात यांचा काळ एकच आहे.

२. तरुण वकिलापुढील कायदा

त्या वेळी एखाद्या मजकुराबद्दल लेखक, संपादक वा मुद्रक यांना तीन निरनिराळ्या वाटांनी न्यायासनापुढे खेचता येत असे. त्यांतील भेद स्पष्ट केल्याशिवाय पुढील चरित्राचा अर्थ लागणार नाही.

पहिली वाट अब्रुनुकसानीची. १८६० च्या दंडसंहितेतील ४९९ व ५०० या कलमांनी ती आखली होती. इंग्लंडमधील परंपरेत लेखी बदनामी आणि तोंडी बदनामी यांत मोठा फरक केला जाई. छापलेला शब्द टिकतो, पसरतो आणि पुन:पुन्हा वाचला जातो, म्हणून त्याचा अपराध अधिक गंभीर मानला जाई. दंडसंहितेने हा भेद स्वीकारला नाही. बोललेला शब्द, लिहिलेला शब्द, खूण आणि चित्र ही सर्व तिने एकाच व्याख्येत बसविली. मात्र छापखान्याचे वेगळेपण ती विसरली नाही. बदनामीकारक मजकूर जाणूनबुजून छापणे हा ५०१ व्या कलमाने आणि असा छापील मजकूर विकणे हा ५०२ व्या कलमाने स्वतंत्र अपराध ठरला. या वाटेने जाणाऱ्या आरोपीला बचाव होता. विधान खरे आहे आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे आहे, असे सिद्ध केल्यास तो सुटू शके. केवळ सत्य पुरेसे नव्हते, त्याला लोकहिताची जोड लागे.

दुसरी वाट राजद्रोहाची. १८७० मध्ये दंडसंहितेत १२४-अ हे कलम घालण्यात आले. येथे अब्रू सरकारची होती आणि सत्याचा बचाव मुळातच नव्हता. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारे विधान खरे असले म्हणून अपराध कमी होत नसे.

तिसरी वाट छापखान्याच्या नोंदणीची. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापखानेवाल्याला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे आणि प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे व छपाईच्या ठिकाणाचे नाव असावे लागे. हा कायदा दिसायला निरुपद्रवी होता, पण छापलेल्या प्रत्येक कागदामागचा जबाबदार माणूस शोधण्याचा धागा त्याने सरकारच्या हाती दिला. पुढील निर्बंधांची इमारत याच पायावर उभी राहिली.

३. टिळकांचे खटले आणि वऱ्हाड

बापूजींच्या मनावर ज्या व्यक्तीचा ठसा आयुष्यभर राहिला ते टिळक या तिन्ही वाटांनी गेलेले होते. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावरील आरोपांना आधार म्हणून जी पत्रे ‘केसरी’च्या हाती आली, ती न्यायालयात बनावट ठरली. संपादकांचा हेतू महाराजांच्या छळाला वाचा फोडण्याचा होता, परंतु हाती आलेल्या कागदाची शहानिशा करण्याची जबाबदारी ते छापणाऱ्यावर असते हे त्या खटल्याने शिकविले. चार महिन्यांची शिक्षा होऊन टिळक व आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले.

१८९७ चा खटला राजद्रोहाचा होता. त्यात दीड वर्षाची शिक्षा झाली आणि अप्रीती या शब्दाचा न्यायाधीशांनी लावलेला व्यापक अर्थ १८९८ च्या दुरुस्तीने कायद्यातच समाविष्ट झाला. १९०८ च्या खटल्यामागे तारायंत्राची गती स्पष्ट दिसते. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडला. पुण्यात बसलेल्या संपादकाने मे महिन्याच्या मध्याला त्यावर अग्रलेख लिहिला आणि जुलै संपण्यापूर्वी तो सहा वर्षांच्या हद्दपारीच्या शिक्षेला पात्र ठरला. दूरच्या बंगालमधील घटना व महाराष्ट्रातील मत यांत पूर्वी जे अंतर होते, ते तारेने पुसून टाकले होते. सरकारच्या दृष्टीने धोका नेमका येथेच होता. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या कायद्याने हत्येस वा हिंसेस चिथावणी देणाऱ्या पत्राचे केवळ संपादक नव्हे, तर छपाईचे यंत्रच जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. शिक्षेचा रोख माणसाकडून यंत्राकडे वळला.

या लाटेतून यवतमाळ सुटले नाही. तेथून निघणाऱ्या ‘हरिकिशोर’ या पत्राचे संपादक पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. एका आडवळणाच्या जिल्ह्यातील छोट्या पत्राचीही सरकारने दखल घेतली, याचा अर्थ आगगाडी आणि टपाल यांनी आडवळण असे फारसे शिल्लक ठेवले नव्हते. नुकतीच सनद घेतलेल्या बापूजींच्या गावातच हा धडा गिरविला गेला.

वऱ्हाडची कायदेशीर स्थितीही विलक्षण होती. हा मुलूख नावाने निजामाचा. १९०२ च्या कराराने तो ब्रिटिशांकडे कायमच्या पट्ट्याने आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते अधिसूचनेने लावले जात. त्यामुळे ज्या कायद्याखाली येथील संपादक भरडला जाई, तो कायदा करणाऱ्या सभागृहात त्याचा मुलूख पुरता मोजलाही जात नसे. वऱ्हाडातून निवडून आलेल्या सभासदाला पुढे मध्यवर्ती विधिमंडळात व्हाइसरॉयच्या नियुक्तीनेच बसता येई. अणे यांनाही याच रीतीने तेथे प्रवेश मिळाला.

४. ‘लोकमत’ आणि जामिनाचे युग

१९१० च्या मुद्रण कायद्याने निर्बंधांचे स्वरूप आमूलाग्र बदलले. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन घेता येई, आणि तो जप्त झाल्यावर पुन्हा छापखाना चालवायचा तर १,००० ते १०,००० रुपये भरावे लागत. खटला नाही, साक्षीपुरावा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. केवळ एक लेखी हुकूम आणि रक्कम. मोठ्या शहरातील धनवान मालकाला ही रक्कम जड असली तरी उभी करता येई. जिल्ह्याच्या गावी लोकवर्गणीतून यंत्र घेणाऱ्याच्या दृष्टीने ती पत्राच्या मृत्यूची घंटा होती. या कायद्याने संपादकाचे धैर्य पुरेसे ठरेनासे केले, कारण संपादक तुरुंगात जायला तयार असला तरी छापखानेवाला आपले यंत्र गमवायला तयार असेलच असे नाही.

अशा काळात, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, बापूजींनी यवतमाळ येथे ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले. नाव टिळकांनी सुचविलेले होते. १९१६ मध्ये बेळगाव येथे स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगच्या कक्षेत वऱ्हाडही होते, आणि लीगचा विचार खेड्यापर्यंत नेण्याला स्थानिक पत्राची गरज होती. बाहेरची वृत्तपत्रे येत असताना गावच्या पत्राची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्या जीवनातच आहे. कापसाचा भाव, जंगलखात्याचे नियम, चराईचा कर, तालुक्यातील अधिकाऱ्याचा कारभार हे विषय पुण्याच्या पत्रात येणे अशक्य होते. आणि स्थानिक अधिकाऱ्यावर टीका करताना अब्रुनुकसानीचा धोका सर्वांत जवळचा असतो, कारण ज्याच्यावर लिहायचे तो वाचकांच्या ओळखीचा असतो. वकिली करणारा संस्थापक लाभणे हा अशा पत्राला मोठाच आधार होता.

याच सुमारास टिळक लंडनमध्ये अब्रुनुकसानीच्या दुसऱ्या टोकाचा अनुभव घेत होते. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लिहिलेली वार्तापत्रे १९१० मध्ये पुस्तकरूपाने निघाली होती व त्यात टिळकांवर गंभीर आरोप होते. टिळकांनी चिरोल व प्रकाशक यांच्यावर दिवाणी दावा लावला. १९१९ च्या आरंभी तो चालला आणि टिळक हरले. खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर आला व तो उतरविण्याकरिता महाराष्ट्राला फंड जमवावा लागला. १८८२ मध्ये आरोपी असलेला संपादक १९१९ मध्ये फिर्यादी होता, पण कायद्याने दोन्ही वेळा त्याला साथ दिली नाही. साम्राज्याच्या राजधानीतून निघालेला मजकूर जगभर पसरतो, परंतु त्याने झालेल्या हानीची भरपाई मागायची तर त्याच राजधानीत, तेथील पंचांपुढे मागावी लागते, हे त्या दाव्याचे तात्पर्य होय.

५. विधिमंडळ आणि ग्वाल्हेर

टिळकांच्या निधनानंतर वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद बापूजींकडे आले आणि १९२४ पासून ते मध्यवर्ती विधिमंडळात बसू लागले. तत्पूर्वी तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९०८ व १९१० चे दोन्ही कायदे १९२२ मध्ये रद्द झाले होते. त्याच वेळी १८६७ च्या नोंदणी कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापणे बंधनकारक झाले. तोवर नोंदणीच्या कायद्याला मुद्रक आणि प्रकाशक एवढेच ठाऊक होते. मराठी नियतकालिकांच्या शेवटच्या पानावरील ती परिचित ओळ अशी कायद्याच्या पोटातून आली आहे.

निर्बंध गेले असे मात्र म्हणता येत नाही. त्याच वर्षी संस्थानिकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश मुलखातील पत्राने संस्थानिकाविषयी अप्रीती पसरविणे हा त्याने अपराध ठरविला. विधिमंडळाने विधेयक मांडण्यासच नकार दिला असता व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात ते संमत करविले. १८८२ मध्ये संस्थानच्या कारभाऱ्याला निदान फिर्यादी म्हणून न्यायालयात यावे लागले होते. आता संस्थानिकाची अब्रू राजसत्तेच्या अब्रूसारखीच राखली गेली. १९२७ मध्ये, अणे सभागृहात असतानाच, धर्मभावना दुखावणाऱ्या हेतुपुरस्सर लेखनाविषयीचे २९५-अ हे कलम दंडसंहितेत आले. व्यक्तीची अब्रू, सरकारची अब्रू, संस्थानिकाची अब्रू आणि समाजाच्या श्रद्धेची अब्रू अशी ही क्रमाने वाढत गेलेली मालिका आहे.

१९२८ मध्ये ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अणे यांना मिळाले. दुसऱ्या वर्षी बेळगावला ते शि. म. परांजपे यांच्याकडे गेले. लागोपाठच्या या दोन अध्यक्षांचा संबंध वृत्तपत्रांशी आणि टिळकसंप्रदायाशी होता. ‘काळ’कर्त्यांची वक्रोक्ती ही केवळ स्वभावधर्मातून आलेली शैली नव्हती. जे सरळ लिहिले असता राजद्रोह ठरेल ते पुराणकथेच्या, उपरोधाच्या आणि व्याजस्तुतीच्या आवरणाखाली सांगण्याची ती कला होती, आणि १९०८ मध्ये परांजपे यांनाही शिक्षा झाली, तेव्हा न्यायालयाने ते आवरण बाजूला सारले. मराठी निबंधाच्या शैलीचा इतिहास लिहिताना दंडसंहितेची कलमे हाताशी ठेवावी लागतात, ती याकरिता.

६. जंगल सत्याग्रह आणि चक्रमुद्रित कागद

१९३० च्या सविनय कायदेभंगात अणे यांनी विधिमंडळाचा त्याग केला. वऱ्हाडला समुद्र नाही, म्हणून मिठाऐवजी येथील लोकांना जाचणारा जंगलचा कायदा निवडण्यात आला. जुलै १९३० मध्ये पुसद येथे बापूजींनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला व कारावास स्वीकारला.

या लढ्याच्या बातम्या रोखण्याकरिता सरकारने एप्रिल १९३० मध्ये वटहुकूम काढून जामिनाची पद्धत पुन्हा आणली. अनेक पत्रांनी जामीन भरण्यापेक्षा प्रकाशन थांबविणे पसंत केले. तेव्हा चळवळीने निराळेच साधन हाती घेतले. मेणकागदावर लिहून चक्रमुद्रणाने काढलेली पत्रके रात्रीत तयार होत आणि पहाटे वाटली जात. त्यांना प्रतिज्ञापत्र नव्हते, मुद्रकाचे नाव नव्हते, जप्त करावे असे मोठे यंत्रही नव्हते. १८६७ च्या कायद्याचा सारा भर छापखाना एका जागी स्थिर असतो या गृहीतावर होता. उचलून नेता येणाऱ्या लहान यंत्राने ते गृहीत मोडले. जुलै १९३० मध्ये सरकारला अनधिकृत वृत्तपत्रकांविषयी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला आणि १९३१ च्या मुद्रण आणीबाणी कायद्यात त्या तरतुदींना कायमचे स्थान मिळाले. हा १९३१ चा कायदा लक्षात ठेवावयास हवा, कारण बापूजींच्या चरित्रात तो अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटतो.

१९३३ मध्ये चळवळीच्या पडत्या काळात त्यांनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले आणि सामुदायिक कायदेभंग स्थगित करण्याचा अप्रिय निर्णय जाहीर केला. १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मदनमोहन मालवीय यांच्यासमवेत त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला.

७. चिमूर, भन्साळी आणि मौन

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला आणि अणे परदेशस्थ हिंदी लोकांच्या खात्याचे सभासद झाले. ज्यांनी आयुष्याची उमेद सरकारी निर्बंधांशी झगडण्यात घालविली ते आता सरकारात होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी, चळवळीच्या पूर्वसंध्येला, भारत संरक्षण नियमांखाली हुकूम निघाला. सामुदायिक चळवळीविषयी सरकारी वा मान्यताप्राप्त सूत्रांखेरीज अन्य बातमी छापण्यास मनाई झाली. छापील शब्द असा कोंडला गेला, तेव्हा मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओने ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत बातम्या दिल्या. पत्र जप्त करता येते, हवेतील लहरी जप्त करता येत नाहीत. त्या पकडण्याकरिता प्रक्षेपकाची जागाच शोधून काढावी लागली.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला व त्यानंतर गावातील स्त्रियांवर अत्याचार झाल्याची तक्रार बाहेर आली. चिमूर हे वर्धा नदीपलीकडचे, बापूजींच्या वणीहून फार दूर नसलेले गाव. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी चौकशीची मागणी घेऊन थेट दिल्ली गाठली आणि नोव्हेंबरच्या आरंभी अणे यांच्याच निवासस्थानी उपोषण सुरू केले. अणे यांनी चौकशी मान्य करवून घ्यावी अथवा पद सोडावे असा त्यांचा आग्रह होता. त्यांना दिल्लीतून परत पाठविण्यात आले, तेव्हा त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला आणि तो साठांहून अधिक दिवस चालला.

सरकारने या उपोषणाची बातमी छापण्यासच बंदी केली. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी वृत्तपत्रे बंद ठेवण्याचा निर्णय घेतला आणि देशातील अनेक पत्रे त्या दिवशी निघाली नाहीत. १२ जानेवारीस तडजोड होऊन उपोषण सुटले व बंदी उठली. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. चिमूरच्या तक्रारीत खोटेपणा असेल तर अब्रुनुकसानीच्या कायद्याने संबंधित अधिकाऱ्यांना न्यायालयात जाण्याची वाट मोकळी होती. तेथे सत्याचा निवाडा झाला असता. सरकारने ती वाट टाळली आणि बातमीच थांबविली. मजकूर छापल्यानंतर त्याची शहानिशा करणे आणि तो छापूच न देणे यांतील भेद याहून स्पष्ट करणारे उदाहरण वऱ्हाड-मध्यप्रांताच्या इतिहासात मिळणे कठीण.

त्या दोन-तीन महिन्यांत ‘लोकमत’चे संस्थापक कार्यकारी मंडळातच राहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी मात्र त्यांनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. चरित्रकाराने हा राजीनामा सांगताना चिमूरचे मौन झाकू नये आणि मौन सांगताना राजीनामा विसरू नये. आत राहून काही साधता येईल या प्रतियोगी सहकारितेच्या श्रद्धेवर अणे यांचे राजकारण उभे होते. त्या श्रद्धेची मर्यादा १९४२ च्या हिवाळ्यात त्यांच्याच दाराशी आली.

८. पाटण्याचे राजभवन

सिलोनमधील प्रतिनिधित्व आणि संविधान सभेचे सदस्यत्व यांनंतर जानेवारी १९४८ मध्ये अणे बिहारचे राज्यपाल झाले व जून १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासातील एक मूलगामी खटला याच काळात याच प्रांतात उभा राहिला. त्या वेळी बिहारात असलेल्या पुरुलिया येथील भारती प्रेसमध्ये ‘संग्राम’ नावाचे पत्रक छापले गेले. सप्टेंबर १९४९ मध्ये बिहार सरकारने छापखान्याच्या चालक शैलबाला देवी यांच्याकडे २,००० रुपयांचा जामीन मागितला, आणि तो १९३१ च्या त्याच मुद्रण आणीबाणी कायद्याखाली.

घटनात्मक राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला असतो. हा हुकूम अणे यांच्या इच्छेचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पुसदच्या सत्याग्रहासारख्या चळवळी दडपण्याकरिता जन्मलेला कायदा त्या सत्याग्रहाचा नेता राज्यपाल असलेल्या प्रांतात वापरला गेला, ही वस्तुस्थिती आहे. सत्ता पालटली तरी कायद्याची हत्यारे दप्तरात तशीच राहतात.

ऑक्टोबर १९५० मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बहुमताने हा हुकूम रद्द केला आणि त्या तरतुदीला संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविले. या व अशा अन्य निर्णयांमुळे जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. मे १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुधारित अनुच्छेदाच्या प्रकाशात ती तरतूद वैध ठरविली. मात्र पत्रक समग्र वाचता त्यातील भाषा अलंकारिक आहे, ती हिंसेस प्रवृत्त करणारी नाही, असाही निष्कर्ष काढला. न्यायासनाला येथे वस्तुतः साहित्यसमीक्षकाचे काम करावे लागले. सुटे वाक्य पाहायचे की संपूर्ण संहिता, शब्दाचा वाच्यार्थ घ्यायचा की त्याचा वाचकावरील संभाव्य परिणाम, हे प्रश्न टिळक आणि परांजपे यांच्या खटल्यांपासून चालत आलेले होते.

९. उत्तरायुष्य

१९५९ मध्ये नागपूरहून लोकसभेवर निवडून आल्यावर अणे पुन्हा संसदपटू झाले. तेथील भाषणे जनतेपर्यंत पोहोचण्याची वाट तोवर फिरोझ गांधी यांच्या १९५६ च्या कायद्याने निर्वेध केली होती. संसदेच्या कामकाजाचा सारभूत खरा वृत्तान्त सद्भावनेने व लोकहितासाठी छापणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी खटल्यापासून त्याने संरक्षण दिले, आणि तेच संरक्षण बिनतारी प्रक्षेपणालाही लागू केले. नव्या माध्यमाला निर्बंधाऐवजी आधी संरक्षण देणारी अशी तरतूद आपल्याकडे विरळाच. १९७६ मध्ये आणीबाणीत हा कायदा रद्द झाला व १९७७ मध्ये पुन्हा आला. तो उतार-चढाव पाहण्यास बापूजी नव्हते.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वृत्तपत्राच्या खिळ्यांनी घडविलेल्या नायकाचे चरित्र एका वृत्तपत्र-संस्थापकाने अभिजात महाकाव्याच्या छंदात बांधावे, यात एक अर्थ आहे. ज्या गद्याकरिता टिळकांना तीन वेळा शिक्षा झाली ते गद्य तात्कालिक होते, आठवड्याच्या आयुष्याचे होते. यश नावाची जी वस्तू अब्रुनुकसानीचा कायदा नाण्यांत मोजू पाहतो, तिला स्थैर्य देण्याची शक्ती बापूजींनी अखेर काव्यात पाहिली. २६ जानेवारी १९६८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. ‘लोकमत’ हे नाव १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळ येथेच पुन्हा साप्ताहिकरूपाने उभे केले आणि १९७१ मध्ये ते नागपूरहून दैनिक झाले.

१०. समारोप

या चरित्रातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, नवे साधन आले म्हणजे कायदा प्रथम जबाबदारीचे ठिकाण बदलतो. लेखकाकडून संपादकाकडे, संपादकाकडून मुद्रकाकडे, मुद्रकाकडून यंत्राकडे, आणि यंत्र लपविता येऊ लागले की कागद बाळगणाऱ्याकडे त्याची दृष्टी वळते. दुसरा असा की, अब्रुनुकसानीचा कायदा कितीही कठोर असला तरी त्यात सत्याला उभे राहण्यास जागा असते. जामीन, जप्ती आणि पूर्वबंदी यांत ती नसते. म्हणून छोट्या गावच्या पत्राला खटल्यापेक्षा हुकमाचे भय अधिक. तिसरा असा की, निर्बंध सोसलेला माणूस सत्तेच्या जवळ गेला म्हणजे निर्बंध आपोआप सैल होत नाहीत.

हे निष्कर्ष केवळ ऐतिहासिक नाहीत. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द केले, तर २०१६ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद वैध ठरविली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात ती पुढे चालू आहे. प्रकाशन कोणत्याही रीतीने झालेले असो, अशी शब्दयोजना तिच्यात नव्याने आली आहे. १८६७ च्या नोंदणी कायद्याची जागाही मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली आहे. साधनांची नावे पालटली, पण यवतमाळच्या छापखान्यापुढे उभा असलेला प्रश्न तोच राहिला आहे. शब्दाने झालेल्या इजेचा निवाडा तो शब्द उमटल्यानंतर पुरावा पाहून करायचा, की तो उमटण्यापूर्वीच भयाने त्याला थोपवायचे? बापूजी अणे यांच्या आयुष्यात या दोन्ही रीती येऊन गेल्या. त्यांतील कोणती समाजाला पेलते, हे ठरविण्यास त्यांच्या ‘लोकमता’इतकेच त्यांचे मौनही अभ्यासावे लागेल.